घागरबाबा आणि सोनूचा पहिला घोट

समाजमंदिराच्या पटांगणात घागरींची रांग लागली होती आणि घागरींमागे अख्खं येनटोला गाव हात जोडून बसलं होतं. पितळी घागरी, स्टीलच्या गुंड्या, रंग उडालेल्या प्लास्टिकच्या कळशा. ज्याच्या घरी काहीच रिकामं नव्हतं त्याने ऑइलपेंटचा डबा घासून आणला होता. आत पाणी मात्र एकाच घरचं, म्हणजे गावच्या तलावाचं. चहात दुधाऐवजी माती घातली तर जसा रंग येईल तसा त्याचा रंग होता.

एरवी हा तलाव धानाचा आणि म्हशींचा. माणसं नळाचं पाणी पीत. पण धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपता आटोपता नळयोजनेची मोटर जळली, दुरुस्तीला म्हणून तालुक्याला गेली आणि तिथेच रमली. हातपंपाचं पाणी इतकं लोखंडी की त्यात भात शिजवला तर तांबडा निघे. शेवटी गाव तलावावर आलं, आणि गावामागोमाग घागरबाबा आले.

बाबांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. भगवी कफनी, रुंद छाती, आणि आवाज असा की झाडीपट्टीच्या नाटकात राजा पडद्यामागून गरजतोय असं वाटावं.

"बालकांनो!" बाबा गरजले. "हे जल गढूळ का? हा जलाचा दोष नव्हे! तुमच्या अंतःकरणातील पापाचा गाळ या जलात उतरला आहे!"

"आमाले वाटलं म्हशी उतरल्या," मागून पत्रू बोलला. त्याच्या बायकोने त्याला असा चिमटा काढला की पुढचं बोलणं त्याने गिळलं.

सरपंच हेमराज मात्र उठून उभा राहिला. "महाराज, तुरटी त नाई ना टाकून राह्यले?"

बाबा हसले. चेला चंदनने पुढे केलेल्या डबीतून त्यांनी अंगाऱ्याची चिमूट उचलली आणि थेट हेमराजच्या जिभेवर ठेवली. "सांग बालका, तुरट लागतं का?"

हेमराजने तोंड वेडंवाकडं केलं. "नाई... राख लागते."

"काशीची राख आहे!"

गावाने टाळ्या वाजवल्या. तुरटीचा संशय तिथेच मेला आणि हेमराजची अब्रू अर्धी मेली. मग प्रत्येक घागरीत एक-एक चिमूट पडली. चंदनने कडुनिंबाच्या काठीने आधी भराभर आणि मग हळूहळू पाणी ढवळलं, वर लाल फडकी पडली आणि भजन सुरू झालं. भजन चांगलं लांबलं. बाबांनी फडकी उचलली तेव्हा घागरींच्या तळाशी गाळ बसला होता आणि वर पाणी असं नितळ की बायकांना आपापल्या नथी दिसाव्यात.

पुनम गर्दीच्या मागे उभी होती. ती गावच्या शाळेतली शिक्षिका. कडेवर सात महिन्यांचा सोनू, आणि पुढे पहिल्या रांगेत तिची सासू शकुबाई. खोटं कशाला बोला, आ पुनमनेही वासला होता. मग तिची नजर तळाच्या गाळाकडे गेली. पाप असो की माती, ते कुठे गेलं नव्हतं. फक्त खाली बसलं होतं.

"सावधान!" बाबांनी बोट उचललं. "घरी नेताना ज्याचं जल पुन्हा गढूळ होईल, त्याच्या पोटात अजून पाप आहे!"

या एका वाक्याने येनटोल्याची चालच बदलली. दुसऱ्या दिवसापासून माणसं डोक्यावर घागर घेऊन नवरीपेक्षा हळू चालू लागली. ठेच लागू नये म्हणून लोक दुसऱ्याच्या अंगणातून वाट काढत. कोणी मागून हाक मारली तर वळायचं नाही, माशी बसली तर उडवायची नाही. रुखमाबाईला वाटेत शिंक आली. ती तिने अशी दाबली की डोळे पांढरे झाले, पण पाणी हललंच, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या भानगडीची चर्चा गावभर झाली. तशी भानगड झालीच नव्हती. पत्रूच्या घरी नवराबायको दोन काठांना धरून पातेलं नेत. ते रोज गढूळ होई आणि रोज भांडण होई, पाप नेमकं कोणाच्या काठाकडचं यावर.

सगळ्यात वाईट हाल हेमराजचे. त्याने घागर मोटरसायकलवर बांधून नेली. घरी पोचेपर्यंत घागरीत नुसता चिखल झाला. "पाहा, पंचायतीचं सारं पाप वर आलं," गाव म्हणालं. हेमराज कळवळून सांगत होता की रस्त्याला खड्डे आहेत. खड्डे होतेच. पण तो रस्ता हेमराजनेच करवून घेतला होता, म्हणून बाबांचं या बाबतीत अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

पुनमला हसू येई, पण ते जास्त टिकलं नाही. तिच्या वर्गातली पोरं एकेक करून गैरहजर राहू लागली. पोटं बिघडली होती. बाबांकडे गेलं की उत्तर तयार: "पाप बाहेर पडत आहे, पडू द्या!" आणि एका चिमटीला पायलीभर तांदूळ असा व्यवहार सुरूच होता.

अशात शकुबाईने घरात जाहीर केलं, "सोनूचं उष्टवण ऐतवारी. खिरीचा मान मामाचा. पण पयला पान्याचा घोट बाबाच्या हातून."

पुनमच्या हातातलं लाटणं थांबलं. "आई, उकळून देऊ ना. लहान लेकरू हाय."

"उकळलं त त्यातला देव मरते."

"देव मरते की जंतू?"

"तुह्या शाळेत जंतू असन. माह्या घरी देव हाय."

पुनमने नवऱ्याला फोन लावला. अजय घुग्घुसला सिमेंट फॅक्टरीत होता, शनिवारी घरी येई. त्याने सगळं ऐकून घेतलं. मागे ट्रकांचा आवाज होता, त्यामुळे आपल्याला नीट ऐकू येत नाही असं भासवायलाही त्याला बरं पडलं. "तू आन माय, दोघी मिळून ठरवा ना," तो म्हणाला. "मी कोनाच्याच मधात नाई."

त्या तलावात सकाळी म्हशी बसत, दुपारी पोरं डुंबत आणि पहाटे तलावाच्या काठाकाठाने डबे घेऊन माणसं जात. आणि तेच पाणी आता पुनमच्या सोनूच्या पोटात जाणार होतं. सासूशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने दुसरी वाट धरली. उपकेंद्रातल्या दिव्यानी सिस्टरकडून पाणी तपासायच्या दोन छोट्या बाटल्या आणल्या. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की त्या बाटलीतलं पाणी एकदोन दिवसांत काळं पडतं. एका बाटलीत बाबांचं मंतरलेलं नितळ पाणी भरलं, दुसरीत तेच पाणी उकळून गार केलेलं, आणि दोन्ही उबेला ठेवायच्या म्हणून तांदळाच्या कोठीत पुरून ठेवल्या.

पण पाणी निवळतं कशाने? ते काही केल्या उलगडेना. आणि उलगडलं ते शकुबाईच्याच तोंडून.

शुक्रवारी ती सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. पुनम म्हणाली, "आई, तुमच्या जमान्यात नळ नोयते, हापशी नोयती. मंग पावसाळ्यात तुमी लोकं गढूळच पेत होते?"

शकुबाईचा स्वाभिमान दुखावला. "गढूळ काऊन पेऊ? माठ आतून निवळीच्या बीनं घासाचो आमी. चांगला गोल-गोल. मंग पानी भराचं आन ठेवून द्याचं. पाहाटी कसं, डोळ्यासारखं! पन किती खटाटोप, माय! हात भरून येत. बाबाचं पाहा, एका चिमटीत होते!"

पुनम पुढे सरकली. "निवळीचं बी? कुठी भेटते ते?"

"जंगलात झाड रायते. आमच्या लग्नात तर रुखवतातच देत. उतरंडीच्या खालच्या मडक्यात असन अजून, उंदरानं नेलं नसन त."

उंदराने नेलं नव्हतं. उंदराचा दात लागणार नाही इतकं ते कडक होतं. बटणासारख्या गोल, फिकट बिया. पुनमने सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून एक बी उगाळली आणि तो गंध लोणच्याच्या काचेच्या बरणीत, तलावाच्या पाण्यात ढवळला. शेजारच्या बरणीत नुसतंच पाणी ठेवलं. पहिल्या बरणीत आधी काही झालं नाही. मग मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले, आणि पुंजके जड होऊन खाली बसू लागले. अर्ध्यापाऊण तासात वरचं पाणी नितळ. दुसरी बरणी होती तशीच गढूळ.

"आई, पाहा! बाबाच्या अंगाऱ्यात हेच कुटून टाकलं असन. तुरटी टाकली असती त कोनीही चव ओळखली असती."

शकुबाईने बरणी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली आणि शांतपणे खाली ठेवली. "बाबा इथी समाजमंदिरातच त रायते. त्याची कृपा आपल्या घरावर आली, बस."

पुनमने कपाळाला हात लावला.

रविवारी मांडव घातला गेला. वडे तळले गेले, आलू-वांग्याची भाजी शिजली, मोठ्या गंजात खीर रटरटली. बाबांनी मुहूर्त स्वतःच काढला होता, आणि तो नेमका त्यांच्या जेवणानंतरचा निघाला. ते जीपमधून उतरले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अजयही आला होता आणि दोघींपासून सारख्याच अंतरावर, आचाऱ्याजवळ उभा होता.

पुनम पाया पडली. "महाराज, एक शंका हाय. पापी मानसाच्या हातून पानी निवळत नाई ना?"

"त्रिकालात नाही!"

"मंग आपल्या गावात सगळ्यात पापी कोन?"

बाबांना बोलावं लागलं नाही. सगळ्या माना हेमराजकडे वळल्या. हेमराजला नवल वाटलं नाही, आता सवय झाली होती.

"या, सरपंचभाऊ." पुनमने ओट्यावर काचेची बरणी, सहाण आणि एक बी ठेवली. "हे उगाळा. मंत्र-बिंत्र म्हनू नोका."

"मले येतच नाई," हेमराज म्हणाला आणि उगाळायला बसला. त्याने गढूळ पाण्यात गंध टाकला, चमच्याने ढवळला आणि सगळ्यांसमोर बरणी ओट्यावर ठेवली.

बाबांनी बीकडे पाहिलं मात्र, त्यांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. "चंदन, निघू या. समाधीची वेळ झाली."

"असे कसे जाता?" शकुबाई दोन्ही हात पसरून आडवी झाली. "जेवल्याबिगर माह्या घरून कोनी जात नाई. बसा, महाराज!" तिने त्यांना अक्षरशः पाटावर दाबून बसवलं. पत्रावळीत वडे पडू लागले. बाबा एक डोळा वड्यावर आणि एक डोळा बरणीवर ठेवून जेवत होते. बरणीतला गाळ खाली येत होता आणि वडे पोटात जात होते. बाबांचा शेवटचा वडा संपला तोवर बरणीतलं पाणी लख्ख झालं होतं.

मग रुखमाबाई धावली आणि हेमराजच्या पायावर कोसळली. "हेमराजभाऊ, तुमी त देव निंगाले वो!"

तिच्या मागे आणखी चौघी. पत्रूने तर आपली घागरच आणून पुढे ठेवली. हेमराज आधी गोंधळला, पण दुसऱ्या मिनिटाला त्याचा हात आपोआप आशीर्वादाला उठू लागला होता.

"हात खाली!" पुनम वर्गात ओरडते तशी ओरडली. हात खाली आला. "सरपंचभाऊ देव नाई, आन चोरबी नाई. बीचा गंध मातीचे कन एकमेकाले चिकटवते, आन ते जड होऊन खाली बसतात. पापी उगाळो का पुन्यवान उगाळो. घागर हालली का गाळ वर येते. तुमी आठ दिवसांपासून एकमेकाचं पाप मोजून राह्यले, थो निव्वळ तलावाचा चिखल हाय."

पत्रू आणि त्याची बायको एकमेकांकडे पाहू लागली. इतके दिवस झालेल्या भांडणांचं आता काय करायचं, हा त्यांना प्रश्न पडला असावा.

बाबा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते उभे राहिले. "बालकांनो, वनस्पतीही ईश्वराचीच! आम्ही कधी नाही म्हटलं? पण नितळ झालेलं ते जल शुद्ध होतं आमच्या मंत्राने!"

गाव पुन्हा डुललं. पुनमने कोठीतून दोन बाटल्या आणल्या. एक होती तशीच होती. दुसरी डांबरासारखी काळी. "हे काळं झालं ते महाराजांचं मंतरलेलं पानी. नितळ होतं, भरताना मीच पाह्यलं. आन हे उकळलेलं. माती डोळ्याले दिसते, जंतू दिसत नाईत. पोरायले हगवन लागली थे पाप नाई, थे हेच."

"काळी विद्या!" बाबा किंचाळले. "या स्त्रीने बाटलीत काळी विद्या केली आहे!"

गावात कुजबुज सुरू झाली. आणि शकुबाई रागाने लाल होऊन पुनमकडेच येत होती. पण ती पुनमला ओलांडून गेली, तिने उष्टवणासाठी आणून ठेवलेल्या मंतरलेल्या घागरीत तांब्या बुडवला आणि काठोकाठ भरून बाबांसमोर धरला.

"महाराज, तुमी पेऊन दाखवा बरं. हिचं तोंड एकदाचं बंद होते."

बाबांनी तांब्याकडे पाहिलं. "माते, आज आमचा... निर्जळी उपवास आहे."

"उपास?" शकुबाई म्हणाली. "आता त सात वडे खाल्ले!"

"वडे चालतात. जल चालत नाही."

सात वडे खाल्लेल्या माणसाला नेमकी तेव्हाच उचकी लागली. एक लागली, दुसरी लागली. डोळ्यांत पाणी आलं. बिचारा चंदन, रोजच्या सवयीने धावत जीपकडे गेला आणि सीलबंद पाण्याची बाटली घेऊन आला. झाकण कडकन उघडलं. अख्ख्या अंगणाने तो आवाज ऐकला. जीपचं मागचं दार उघडंच राहिलं होतं आणि आत बाटल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले दिसत होते.

जंतू शकुबाईला दिसले नव्हते, काळी बाटलीही तिला पटली नव्हती. पण पाहुणा आपल्या घरचं पाणी नाकारतो म्हणजे काय, ते तिला चांगलं कळत होतं. तिने तांब्या हळूच खाली ठेवला.

"जे पानी तू सोता पेत नाई," ती म्हणाली, "थे माह्या नातवाले पाजाले आला होता?"

बाबांनी उत्तरादाखल उचकी दिली. मग कफनी सावरत ते जीपकडे निघाले आणि गाव त्यांच्या मागे निघालं. कोणी हात लावला नाही, फक्त तांदळाची पोती उतरवून घेतली. हेमराजने जीपची किल्ली काढून घेतली आणि पोलीस पाटलाला बोलावलं. इतक्या दिवसांत गावाने त्याचं पहिल्यांदाच ऐकलं. मोटरचं काय झालं हेही लगेच चौघांनी विचारलं, तेव्हा उद्या स्वतः तालुक्याला जाऊन बसतो असं त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

शकुबाई चुलीपाशी गेली. निवळीने निवळलेलं पाणी फडक्याने गाळून पातेल्यात ओतलं आणि लाकडं पुढे सारली. खीर निवत होती, मामा चमचा घेऊन ताटकळला होता, पन्नास माणसं उपाशी बसली होती, पण तिने कोणालाच जुमानलं नाही. उकळी आली तरी ती पातेलं उतरवेना.

"आई, झालं आता," पुनम म्हणाली.

"अजून उकळू दे. तुह्या जंतूचा मले भरोसा नाई."

पाणी गार झाल्यावर पहिला घोट तिनेच घेतला, गिळला, क्षणभर थांबली. मग चांदीच्या चमच्याने घोटभर पाणी सोनूच्या ओठांना लावलं. सोनूने तोंड वाकडं केलं, अर्धं गिळलं, अर्धं आजीच्या लुगड्यावर थुंकलं, आणि अंगणभर हशा पिकला. आचाऱ्याजवळून अजय तेवढ्यात दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. आता तिथे धोका नव्हता.

वाचकहो, निवळीचं बी काही वाईट नव्हे. आपल्या आज्या-पणज्या शहाण्या होत्या, आणि आजही पूर आलेल्या गावात तुरटी किंवा निवळी हाताशी असली तर गाळ खाली बसवायला जरूर वापरा. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. निवळलेलं पाणी गाळा, खळखळून उकळा किंवा आरोग्य केंद्रातलं औषध टाका, आणि मगच लेकरांना द्या. यात मंत्र लागत नाही, पुण्य लागत नाही, पायलीभर तांदूळही लागत नाही. आणि कोणी चमत्काराचं पाणी घेऊन दारात आलाच, तर त्याच्याशी वाद घालू नका. आदराने पाटावर बसवा, तांब्या भरून त्याच्या हातात द्या आणि म्हणा, महाराज, आधी तुम्ही.